गायीची हाडं आणि घरचा कोंडा

दोरीवर वाळत घातलेला टॉवेल गायीने चघळून टाकला, ही तक्रार आमच्या गोव्यातल्या खेड्यांना नवी नाही. कुणी त्या गायीला खोडकर म्हणतं, कुणी हावरट. ती माती चाटते, झाडाची साल कुरतडते, आणि कधी कधी उकिरड्यावरचं वाळकं हाड तोंडात धरून तासभर चघळत राहते. गायीच्या तोंडात हाड! आमच्या घरात असलं काही दिसलं की बायका 'शिव शिव' म्हणून तोंड फिरवत. पण ही खोड नव्हे, हे दुखणं आहे.

माझ्या आजोळी कपिला नावाची गाय होती. तिसऱ्या वेतानंतर ती अशीच वागू लागली. दूध देत होती, पण अंगाने उतरत चालली होती. चालताना पाय आखडायची, उठताना बराच वेळ पुढच्या गुडघ्यांवर टेकून राहायची. पाठ कमानीसारखी वाकली होती. आजीने मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या काकींनी देवचाराला नारळ ठेवायला सांगितलं, तोही ठेवून झाला. एके सकाळी कपिला उठलीच नाही. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी तिच्या बरगड्यांवरून, सांध्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आजी, हिका दिश्ट-बिश्ट कांय ना. हाडां रितीं जाल्यांत हिचीं." चौथ्या दिवशी कपिला गेली. आजी आठवडाभर गोठ्याकडे फिरकली नाही.

हाडं रिकामी होतात म्हणजे काय, हे मला पुढे वाचनातून समजलं. जनावराच्या शरीरातला सुमारे ऐंशी टक्के फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो. गायीच्या प्रत्येक लिटर दुधातून साधारण एक ग्रॅम फॉस्फरस बाहेर जातो. चाऱ्यातून तेवढा मिळाला नाही, की शरीर हाडांतली शिल्लक काढू लागतं. महिनोन्‌महिने हे चाललं की हाड मऊ आणि ठिसूळ होतं, सांधे दुखतात, स्नायूंतलं बळ जातं. साधा पाय घसरला तरी हाड मोडू शकतं. यालाच अस्थिमृदुता म्हणतात. आणि जे कमी पडतंय ते शोधत जनावर कापड, माती, हाड असं काहीबाही चघळत सुटतं.

दक्षिण आफ्रिकेत शंभर वर्षांपूर्वी याच भुकेने गुरांचे कळप संपवले होते. तिथे 'लामझिक्टे' म्हणजे लंगडा रोग पसरला होता. सर अर्नोल्ड थायलर या पशुवैद्याने १९२० च्या सुमारास त्याचा छडा लावला. तिथल्या कुरणांत फॉस्फरस कमी, म्हणून गाई मेलेल्या जनावरांची हाडं चघळत. त्या कुजक्या हाडांतल्या बॉट्युलिझमच्या विषाने त्यांचे स्नायू लुळे पडत. हाडांची भुकटी खायला दिल्यावर गुरांची ती वखवख थांबली आणि रोगही आटोक्यात आला.

आता आपल्याकडे पाहू. ज्या चिऱ्याने आपली घरं उभी राहिली, त्याच चिऱ्याची आपली तांबडी माती. तिच्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला धरून ठेवतं, गवताच्या मुळांना तो थोडाच लाभतो. भाताच्या पेंढ्यात तर शंभर भागांत जेमतेम ०.१ भाग. पण भाताच्या कोंड्यात तो दीड भागाच्या आसपास असतो! पूर्वी भात घरच्या वायनात कांडलं जायचं. तांदूळ माणसांना, कोंडा गोठ्याला. पेजेच्या निवळीत कोंडा आणि थोडी पेंड कालवून गायीपुढे ठेवणं हे रोजचं काम होतं. त्या बायकांना फॉस्फरसचं नाव ठाऊक नव्हतं, पण जमिनीत जे उणं होतं ते त्या घमेल्यातून भरून निघत होतं. पुढे भात गिरणीत जाऊ लागलं, मग शेतंच पडीक राहिली. तांदूळ दुकानातून पिशवीत येऊ लागला. गोठ्यात उरला तो नुसता पेंढा.

आज यावर उपाय अवघड नाही. दुभत्या गायीला रोज सुमारे पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण पुरतं. मात्र आफ्रिकेसारखी हाडांची भुकटी घालायला जाऊ नये. गुरांना गुरांचंच मांस-हाड चारल्याने 'मॅड काऊ' रोग पसरला, म्हणून ब्रिटनने १९८८ साली असल्या खाद्यावर बंदी आणली. मिश्रणात डायकॅल्शियम फॉस्फेट असतं, तेवढ्याने काम भागतं. ज्या गायीला उठता येत नाही, तिला मात्र ताबडतोब डॉक्टरच हवा.

गोरवांच्या पाडव्याला आपण गुरांना न्हाऊ घालतो, गळ्यात माळ बांधतो, ओवाळतो, गोडधोड भरवतो. हे सगळं करावंच. फक्त त्या दिवशी तिची पाठ वाकलीय का, उठताना ती अडखळतेय का, हेही बघावं. आणि शेजाऱ्याची गाय तुमचा टॉवेल चघळताना दिसली, तर काठी उगारण्याआधी शेजाऱ्याला हाक मारून एवढंच विचारा, "तिच्या खाण्यात कोंडा, खनिज मिश्रण काही असतं का हो?"