मुठीचं मोल

आमच्या कोकणात घडीच्या चाकूची पारख पावसाळ्यात व्हायची. कोय कलमं बांधायचे ते दिवस. कोयीतून उगवलेलं कोवळं, तांबूस रोप वरून छाटायचं, मधोमध चिरायचं, कलमकाडीला पाचरीसारखा तास द्यायचा आणि ती चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायची. हात ओले, त्यावर आंब्याचा चीक. मूठ जरा निसटली की पातं अंगठ्यातच.

आजोबांच्या चाकूला सांबरशिंगाची मूठ होती. शिंगाच्या नैसर्गिक खाचा ओल्या बोटांनाही घट्ट धरून ठेवत. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे चाकू-कारागीर एकेकाळी भारतातून सांबरशिंगं मागवत, ती काही केवळ शोभेसाठी नव्हे. अंगठा टेकायचा तेवढी जागा वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत, किंचित खोलगट झाली होती. दुसऱ्या कुणाच्या हाती तो चाकू नीट बसतच नसे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर सांबराला संरक्षण मिळालं, पुढे शिंगांची निर्यातही थांबली, आणि ते योग्यच झालं.

वडिलांच्या वेळी लाकडी मूठ आली. पावसात लाकूड फुगायचं, पातं नखाने ओढूनही उघडायचं नाही. मे महिन्यात तेच लाकूड आटायचं आणि रिव्हेट खिळखिळी व्हायची. फ्रान्सचा ओपिनेल चाकू १८९० पासून बनत आलेला, पण त्याची बीचच्या लाकडाची मूठही ओल लागली की पात्याला असंच आवळून धरते. जवसाचं तेल पाजत राहणं, एवढाच उपाय.

आता भाचा चाकू घेतो तेव्हा जी-१०, मायकार्टा, टायटॅनियम, कार्बन फायबर असे पर्याय असतात आणि मुठीपायी किंमत कितीतरी वाढते. ती द्यावी का? जी-१० म्हणजे काचतंतूंचं कापड इपॉक्सीत भिजवून, दाबाखाली तापवून केलेला पत्रा. तो पावसात फुगत नाही, उन्हात आटत नाही. वडिलांची निम्मी कटकट तिथेच मिटली असती. मायकार्टात कापड किंवा कागद फिनॉलिक राळेत मुरवलेला असतो. पॉलिश न केलेली मायकार्टाची मूठ ओल्या हातात उलट जास्त घट्ट बसते. शिंगाच्या सर्वांत जवळ जाणारी मला हीच वाटते.

टायटॅनियमला खाऱ्या हवेतही गंज चढत नाही, आणि काही चाकूंत मुठीचाच एक भाग स्प्रिंगसारखा सरकून पातं अडवतो. तिथे त्या धातूचे पैसे कामाला लागतात. मात्र गुळगुळीत टायटॅनियम चिकाच्या हातात निसटतं. चकचकीत कार्बन फायबरचंही तेच. एवढ्याशा चाकूत तो वाचवून वाचवणार किती वजन? कलमाच्या चाकूसाठी मी त्याला जादा पैसे देणार नाही. खरखरीत मायकार्टा किंवा जी-१० घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या पोलादाच्या पात्यात घालावेत. काडीला दिलेला तास एका ओढीत सपाट आला नाही, तर कलम जीव धरत नाही.