दाढ, दशलक्षण आणि सिमेंट



यंदाच्या दशलक्षण पर्वात मी दहा एकासनं धरली होती. महिला मंडळात सगळ्यांसमोर बोलूनही टाकलं होतं, आणि घोळ तिथंच झाला. पर्वाच्या आधी महिनाभर उजवीकडची खालची दाढ गार पाण्यानं झिणझिणत होती. गोड खाल्लं की एक कळ कानापर्यंत जायची. मी लवंग धरायची आणि डावीकडून चावायची.

तिसऱ्या दिवशी मंदिरात उत्तम आर्जवावर प्रवचन होतं. मनात एक आणि तोंडात एक असू नये, असं पंडितजी सांगत होते. आणि मी पदराआड गाल दाबून बसले होते. घरी कळलं तर अव्वा (माझ्या सासूबाई) एकासन सोडायला लावतील, ही भीती. खरं सांगायचं तर व्रताच्या काळजीपेक्षा मंडळात काय म्हणतील याची काळजी जास्त होती. दहा दिवस तसेच रेटले.

पारणं झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेचारला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे बघून त्या म्हणाल्या, "काकू, वरून टाचणीएवढं भोक दिसतंय, पण आतून दाढ पोखरलीय. कीड नसेजवळ पोचलीय. महिनाभर आधी आला असता तर काम अगदी छोटं होतं." मी काय बोलणार?

आपल्याकडे याला सिमेंट भरणं म्हणतात. पूर्वी चांदी भरायचे. अव्वांच्या दाढेत ती आहे, आता काळी पडलीय. त्या चांदीत निम्मा पारा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे युरोपीय संघानं 2025 पासून काही अपवाद वगळता ती बंद केलीय. आता दाताच्या रंगाचं कंपोझिट भरतात.

खुर्चीत बसल्यावर मी आधी विचारलं, "यात प्राण्याचं काही नाही ना?" डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, हे रेझिन म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक आणि काचेची अगदी बारीक पूड. पण इतर ठिकाणी जरूर विचारत जा. दात काढल्यावर रक्त थांबवायला कधी जिलेटिनचा स्पंज ठेवतात, हाड भरायची पूड गाईच्या किंवा डुकराच्या हाडाची असू शकते, औषधाच्या कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं. आधी सांगितलं तर दुसरा पर्याय बघता येतो. हे मी वहीत लिहून ठेवलंय, तुम्हीही ठेवा.

मग इंजेक्शन. कीड कोरून काढली, नसेजवळ औषधाचा पातळ थर दिला. रंगांची एक पट्टी दाताशेजारी धरून जुळवली, साडीला ब्लाऊजपीस जुळवतो तशी. दाढ अगदी कोरडी लागते, लाळ लागली की पकड राहत नाही, म्हणून कापूस कोंबलेला. वर आंबट जेल लावून धुतलं, डिंकासारखं काही लावलं आणि थोडं थोडं सिमेंट भरत निळा उजेड दाखवला. त्या उजेडानं ते काही सेकंदांत कडक होतं. एकदम भरलं तर आकसून फट राहते, म्हणून थरांनी भरायचं. शेवटी रंगीत कागद चावायला देऊन उंचवटा घासला.

घरी आले तर सहा वाजत आलेले. सिमेंट लगेच पक्कं होतं, पण बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नका, गाल चावला जाईल, असं बजावलेलं. ओठ मेला जागचा हलेना. ताट वाढलेलं, खिडकीतून ऊन उतरत गेलं आणि सूर्य मावळला. अव्वांनी काही न बोलता ताट झाकलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, पदराआडच्या गालासकट. त्या एवढंच म्हणाल्या, "मला दिसत होतं गं, तू डावीकडून चावत होतीस ते." म्हणजे दहा दिवस त्याही गप्प होत्या. (तेव्हा रात्री न जेवणाऱ्यांनी डॉक्टरांची वेळ सकाळचीच घ्यावी.)

नातीनं मध्येच विचारलं, "मुनिमहाराज तर दात घासतच नाहीत, मग?" अदंतधावन हा त्यांच्या 28 मूलगुणांतला एक, हे ती पाठशाळेत शिकलीय. अव्वा म्हणाल्या, "ते दिवसातून एकदा उभ्यानं आहार घेतात. तुझी आजी दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा घेते." मला हे लागलं, कारण डॉक्टरही तेच म्हणाल्या होत्या. एकूण साखर किती यापेक्षा ती किती वेळा तोंडात जाते, याला जास्त महत्त्व. सूर्यास्तानंतर तोंड बंद ठेवणं दातांना चांगलंच, पण शेवटच्या घासानंतर ब्रश केला तर. आम्ही जेवून, नुसती चूळ भरून पाणी सोडतो आणि अन्न रात्रभर दातांत राहतं. आता पाणी सोडायच्या आधी ब्रश, असा आमच्या घरचा नियम झालाय.

अव्वांची चांदी बदलायची का, तेही विचारलं. ती शाबूत आहे, उगाच काढू नका, असं उत्तर आलं. अव्वा खूश.

माझी दाढ सध्या शांत आहे. काही महिन्यांत ठणकली तर रूट कॅनल करावं लागेल. डावीकडं अजून एक बारीक कीड निघालीय. बुधवारी सकाळी दहाची वेळ घेतलीय, आणि या वेळी अव्वा सोबत येणार आहेत.