काचेतील पहाट

मुळशीच्या धरणाकाठी उजाडते ते एकदम नव्हे. आधी पूर्वेकडच्या डोंगराची कड फिकट होते, मग पाण्यावरचे धुके दिसू लागते, आणि झाडे एकमेकांपासून वेगळी ओळखू आली की समजावे, रात्र सरली. आपल्याकडचा संधिप्रकाश फार रेंगाळणारा नाही. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असतो तेव्हापासून तो उगवेपर्यंत जेमतेम २२-२३ मिनिटे जातात. पण तेवढा अवधी सृष्टीने प्रत्येक जिवाला दिलेला आहे. तो आम्ही सहा मुक्या जिवांकडून काढून घेतला होता, त्याची ही हकिकत.

निवृत्तीनंतर आम्ही पौडच्या पुढे लहानसे घर बांधले. दोन वर्षांपूर्वी आमचा मुलगा अपघातात गेला. तेव्हापासून सूनबाई आणि आता आठ वर्षांचा झालेला नातू आमच्याकडेच असतात. पोराचे मन रमावे म्हणून आम्ही काचेची पेटी व सहा एंजल मासे आणले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आम्ही बालपणी वडिलांचे बोट धरून पाहिले होते. अंधाऱ्या दालनातील त्या उजळलेल्या काचा मनात घर करून होत्या.

आम्हांस पहाटे पाचला उठण्याची सवय. उठलो की पेटीवरच्या दिव्याचे बटण दाबायचे. त्याबरोबर मासे सैरावैरा धावत, काचेवर आदळत. आम्हांस वाटे, खाण्याची घाई! एके रात्री झाकण उघडे राहिले. पहाटे बटण दाबले आणि एक मासा उसळून फरशीवर पडला. चष्म्यावाचून आम्हांस तो दिसलाही नाही. नातवाला दिसला तेव्हा तो कोरडा पडला होता.

"आजोबा, तो का उडाला?" त्याने विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही पुस्तके चाळली.

माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात. बहुतेक माशांची बाहुलीही उजेडात आकुंचन पावत नाही. डोळ्याच्या पडद्यातील पेशी व रंगद्रव्य जागा बदलतात, तेव्हा कुठे त्यांची दृष्टी अंधारातून उजेडात येते, आणि या सरकण्याला बराच वेळ लागतो. शिवाय कवटीच्या पातळ हाडाखालची एक ग्रंथीही त्यांना दिवस-रात्र सांगत असते. म्हणजे आमचे बटण त्यांच्या मध्यरात्री भर दुपार आणीत होते. ती घाई खाण्याची नव्हती; ते भय होते.

मग आम्ही पुण्याहून एलईडीचा दिवा आणि त्याचे नियंत्रक यंत्र आणले. यंत्र विजेचा प्रवाह थोडा थोडा वाढवते. काजव्याएवढ्या उजेडापासून पूर्ण प्रकाशापर्यंत ४० मिनिटे, आणि सायंकाळी तितक्याच संथपणे उलटा प्रवास. पहिल्या दिवशी मासे पानांआडून एकेक करून बाहेर आले. कोणीही काचेवर आदळले नाही.

त्या सकाळी आम्हांस दुसरीच गोष्ट आठवली. मुलगा गेला त्या दिवशी नातू शाळेतून आला, तेव्हा दप्तरही खाली ठेवू न देता आम्ही त्याला एका वाक्यात सांगून टाकले होते. सत्य लपवू नये, ही आमची धारणा. तो रडला नाही. पलंगाखाली जाऊन बसला. आम्हांस वाटले, लहान आहे, त्याला कळले नसावे. माशांविषयीही आमचा असाच समज होता.

समोरच्या पाण्याची कथाही फारशी निराळी नाही. १९२० च्या सुमारास येथे धरण बांधायचे ठरले, तेव्हा जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीची माणसे शेतांत चर खणू लागली. नांगर धरणाऱ्याला कळले ते असे. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी तीन वर्षे सत्याग्रह केला, तुरुंगवास सोसला, तरी गावे पाण्याखाली गेलीच. वीज घाटाखाली भिऱ्याला तयार होऊन मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. प्रकाश हवाच होता. पण ज्यांच्यावर तो कोसळला त्यांना डोळे सावरायला कोणी अवधी दिला नाही.

मृत्यू मात्र यंत्राने मंद करता येत नाही. ती बातमी कधीही आली असती तरी एकदमच आली असती. पण सांगून झाल्यावर आम्ही उठून गेलो नसतो, त्याच्याजवळ जमिनीवर बसलो असतो, तर चालले असते. तेवढे आमच्या हातात होते.

आता दिवा मावळू लागला की नातू पेटीसमोर येऊन बसतो आणि आम्हीही बसतो. त्या ४० मिनिटांत तो कधी काहीच बोलत नाही, कधी वडिलांविषयी एखादाच प्रश्न विचारतो. परवा म्हणाला, "आजोबा, बाबांना पोहता येत होतं?"

"येत होतं. मीच शिकवलं, आपल्या नदीत."

"घाबरले होते?"

"पहिल्या दिवशी फार."

तो थोडा सरकून आम्हांस टेकला. पाचही मासे पानांआड गेले होते, आणि दिवा अजून पुरता मालवला नव्हता.