दव वाळेपर्यंत

रविवार देवाचा, हे ख्रिस्ती घरात लहानपणीच कळतं. उरलेले सहा दिवस कुणाचे, हे कळायला फार वेळ लागतो. धाडसारख्या गावात तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. बुलडाणा जिल्ह्याच्या कडेचं हे गाव. इथून भोकरदनकडं निघालं की वऱ्हाड संपून मराठवाडा लागतो. आमच्यासारखी घरं थोडी. उपासनेसाठी आमची माणसं एसटीनं बुलडाण्याला जात, आणि सोमवारी पुन्हा पऱ्हाटीत उभी असत. देवाशी जवळीक राखायची तर ती तिथंच, रानात राखायला हवी होती.

माझी मावशी कापूस वेचायला जाई. वेचणीची मजुरी किलोवर. पहाटेचा कापूस दवानं जड असतो. तेव्हाच ओटी भरली तर काट्यावर आकडा वाढतो. पण ओला कापूस गंजीत पिवळा पडतो, भाव पडतो, आणि तो तोटा शेतकऱ्याच्या अंगावर येतो. मावशी म्हणे, “दव वाळू दे, मंग लागू.” तेवढा वेळ ती धुऱ्यावर बसून प्रार्थना करायची. बाकीच्या बाया पुढच्या तासाला लागलेल्या असत. त्या बसण्यात तिची मजुरी जात होती, आणि घरात पैशाची चणचण नेहमीचीच. तरीही तिची प्रार्थना आणि तिचा प्रामाणिकपणा मला कधी वेगळे करून दाखवता आले नाहीत. ज्या वेळात ती देवाशी बोलत होती, त्याच वेळात कापूस कोरडा होत होता.

सोबतच्या बायांना तिचं हे बोलणं परकं वाटलं नाही. हंगामाच्या सुरुवातीला त्या सीतादही करत, शेतात दहीभात ठेवत; मावशी बाजूला उभी राहून आपल्या प्रभूचे आभार मानी. जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसला, हे ज्यांनी जात्यावर ऐकलं आहे, त्यांना देव पऱ्हाटीत येतो हे कुणी समजावून सांगायची गरज नसते. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाची वाट सोडली नाही. आपण ख्रिस्ताकडं तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते मानत. शेतातल्या त्या बाया आठवल्या की मला तो पूल अजून वाहता दिसतो.

पौलानं थेस्सलनीकातल्या मंडळीला प्रार्थना खंडू देऊ नका असं लिहिलं. ते वाचून वाटतं, हे कामधंदा नसलेल्या मठातल्या माणसालाच जमावं. पण सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात भांडी घासत होता आणि तिथंच देवाला भेटत होता. आणि आपल्याकडं पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया होत्या. त्यांचं जेवण, कपडे, औषध, भांडणं, सगळं रमाबाईंच्या डोक्यावर. त्या गर्दीतच त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं, वर्षानुवर्षं चालवलं. साध्या बाईला वाचून कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. छपाईचं कामही मुक्तीतच, तिथल्या स्त्रियांच्या हातून. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर अनुवाद त्यांच्या हातून पूर्ण झालेला होता. संस्कृतची एवढी विदुषी, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली. ती आयुष्याच्या शेवटी न शिकलेल्या बाईच्या जिभेवर बसेल असा शब्द शोधत बसली. मला ही तिची सर्वांत दीर्घ प्रार्थना वाटते. खिळा जुळवणाऱ्या मुलींचे काळे हात मी डोळ्यांपुढं आणतो तेव्हा मावशीचे बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेले हातही येतात.

जवळीक म्हणजे कायमची शांती, असं जे कुणी सांगतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. जवळच्याशीच माणूस मोकळं बोलतो. स्तोत्रसंहिता उघडा, किती ठिकाणी दावीद देवाला जाब विचारताना दिसतो. ज्याला देव दूर वाटतो तो तक्रार करत नाही, नुसता गप्प होतो. त्या गप्पपणाची मला भीती वाटते, आणि आजच्या घाईत तो सहज येतो. सकाळी मोबाइल हातात येतो, बस पकडायची असते, दिवस संपतो, आणि देवाला सांगायचं राहून जातं.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातल्या कापसाची दैना केली. बोंडं फोडून पाहावीत तर आत अळी, सरकी पोखरलेली. वेचणीचं काम आटलं. त्या दिवसांत घरच्या प्रार्थनेत मावशी मोठ्यानं देवाशी भांडली: “तुले दिसते ना सगळं? मंग काऊन उगा राहतं?” शेजारी बसलेली लहान मुलं डोळे उघडून तिच्याकडं पाहत राहिली. ती थांबली नाही. ज्याच्या शेतात ती वेचायला जायची, त्याचं कर्ज तिला माहीत होतं. तो आकडा तिनं देवाला सांगितला, त्याच्या लेकीच्या लग्नाची तारीख सांगितली. आपली बुडालेली मजुरी तिनं त्यानंतर सांगितली, आणि आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं.