बुडालेल्या अरण्यावरील सायंकाळ

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीपासून काही मैलांवर, रीलफूट नावाचे सरोवर आहे. १८११ च्या डिसेंबरापासून १८१२ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या प्रदेशाला भूकंपाचे प्रचंड हादरे बसले. जमीन खचली, खळग्यात पाणी शिरले आणि उभे अरण्य बुडाले. सायप्रसचे काही वृक्ष आजही पाण्यात पाय रोवून हिरवेगार उभे आहेत. पण पुष्कळांचे नुसते बुंधे उरले आहेत, आणि तेही पाण्याखाली!

सरोवर उथळ असल्यामुळे होडीला या बुंध्यांचे भय फार. एरवी वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेकडे असते. येथे तसे कसे चालावे? म्हणून तेथील होड्यांसाठी वल्ह्याचे दोन तुकडे करून ते लोखंडी सांध्याने जोडले गेले. मूठ छातीकडे ओढली की पातेही मागे जाते, आणि होडी नावाड्याच्या डोळ्यांसमोर पुढे सरकते. किती साधी, पण केवढी उपयोगी युक्ती!

मात्र ज्या बुंध्यांना होडी भिते, त्यांच्याच आश्रयाला क्रॅपी मासा राहतो. हा रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा, चपट्या अंगाचा मासा वीत-दीड वीत लांब असतो. दिवस मावळू लागला की तो भक्ष्यासाठी बाहेर पडतो. त्याची नजर वरच्या बाजूला असते. म्हणून आमिष त्याच्या थोडे वरच सोडावे लागते.

वसंतातील एका सायंकाळी एक आजोबा आपल्या नातवाला घेऊन अशाच होडीतून निघाले. एका बुंध्याजवळ त्यांनी वल्ही थांबवली. नातवाने गळाला इवलासा जिवंत मासा लावून दोरी सोडली. बराच वेळ बुचाचा गोळा स्थिर होता. मग तो एकाएकी आडवा झाला. मुलाने जोराने हिसका दिला. गळ रिकामाच वर आला.

“त्याचे तोंड कागदासारखे पातळ असते, बाळ,” आजोबा म्हणाले. “ओढू नकोस, नुसते उचल.”

दुसऱ्या खेपेस मुलाने श्वास रोखून काठी हळूच उचलली. मासा आला, पण तो फारच लहान होता. क्षणभर त्याच्याकडे पाहून मुलाने त्याला ओल्या हाताने पाण्यात सोडले. तिसरा मात्र चांगला भरदार निघाला. नंतर गोळा पुनःपुन्हा हलू लागला. खरी वेळ आता कुठे आली होती! पण पाणी काळवंडत होते आणि बुंधे दिसेनासे होत होते.

“आजोबा, आणखी एकच!”

आजोबांनी मान हलवली व वल्ही हाती घेतली. मुलाने दोरी गुंडाळली, तो होडीच्या टोकाशी जाऊन पालथा पडला आणि पाण्यावर नजर रोखून सांगू लागला, “डावीकडे... जरा थांबा... आता सरळ.”