चर्नी रोड ते नायगाव : बी.ए. झालेल्या मुलांबरोबर

आपल्या वस्तीत मुलगा किंवा मुलगी बी.ए. झाली की पेढे वाटले जातात आणि दुसऱ्याच दिवशी शेजारीपाजारी विचारू लागतात, "आता पुढे काय?" आर्ट्सला गेलेल्याने तीन वर्षे फुकट घालवली, असाच बहुतेकांचा सूर असतो. आमच्या चाळीतल्या तीन घरांत मिळून असे चार पदवीधर आहेत, दोन मुलगे आणि दोन मुली. क्लासची भारी फी भरण्यापूर्वी सरकारी नोकरीची दारे कुठे आहेत ती डोळ्यांनी तरी पाहून घ्यावीत, म्हणून कामाचा दिवस धरून आम्ही सगळे निघालो.

पहिला मुक्काम गिरगावात, चर्नी रोड स्टेशनजवळच्या शासकीय मुद्रणालयाचा. शासनाचे राजपत्र छापणारे खाते हे. शेजारच्या ग्रंथागारात बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड मिळतात. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. त्याचे संपादक वसंत मून स्वतः सरकारी सेवेतले अधिकारी होते, हे मुलांना मुद्दाम सांगितले. पण या जागेशी आपले आणखी एक काम असते. दाखल्यावर एक नाव आणि मार्कलिस्टवर दुसरे, आडनावाचे स्पेलिंग वेगळे, लग्नानंतर मुलीचे नाव बदललेले, असे असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. आता अर्ज ऑनलाइन होतो. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ही आठवण झाली तर काही उपयोग नाही.

तिथून मरीन लाइन्सवरून महर्षी कर्वे रस्त्याने चालत आलो. आयकर भवन सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच रस्त्यावरच्या प्रतिष्ठा भवनातले कर्मचारी निवड आयोगाचे पश्चिम विभागाचे कार्यालय मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. आयकर, कस्टम अशा केंद्राच्या खात्यांत निरीक्षक, सहायक नेमायची परीक्षा हा आयोग घेतो. बहुतेक पदांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना व सर्व महिलांना फी नाही. आपली मुले एमपीएससी आणि पोलीस भरतीपलीकडे पाहत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे. पदवी पातळीच्या परीक्षेचा पेपर इंग्रजी-हिंदीत असतो म्हणून बिचकतात. पण गणित-इंग्रजीला वर्षभर रोज दोन तास दिले तर बिचकण्यासारखे त्यात काही नाही.

या केंद्राच्या नोकऱ्यांमागे मोठा इतिहास आहे. १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना अस्पृश्य वर्गांसाठी केंद्राच्या नोकऱ्यांत आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. पुढे १९५६ ला धर्मांतर झाले आणि बौद्ध झालेल्यांच्या केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने १९६० पासून राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राचे दार १९९० पर्यंत बंदच होते. त्या चौतीस वर्षांत कुणी कागदावर जुनी नोंद राहू दिली, कुणी ठामपणे 'बौद्ध' लावले. म्हणून आज एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर एक आणि वडिलांच्या दाखल्यावर दुसरी नोंद सापडते. यात लाजण्यासारखे काही नाही, पण जात पडताळणी समितीपुढे ही साखळी जुळवून दाखवावी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ला घराणे कुठे राहत होते याचा पुरावा लागतो. रत्नागिरी, साताऱ्याहून गिरणीत आलेल्या घरांचा हा पुरावा बहुधा गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात असतो. तेव्हा मे महिन्यात गावी जाल तेव्हा मुख्याध्यापकांना भेटून आजोबांचा उतारा काढून आणा. अभ्यासाइतकेच हे काम मोठे आहे.

फोर्टमध्ये सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर १९७६ साली स्थापन झालेली राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे. प्रवेशपरीक्षेतून निवड होते आणि यूपीएससीची तयारी शासन करून घेते. जवळच दादाभाई नौरोजी रस्त्यावर आनंद भवन. बाबासाहेबांनी १९४६ ला सुरू केलेले सिद्धार्थ कॉलेज इथले. नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय म्हणून तिथे सकाळचे वर्ग असत. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ च्या परीक्षेपासून लेखी उत्तरांची झाली आहे. निबंध आला, वैकल्पिक विषय आला. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य ज्यांनी तीन वर्षे वाचले त्यांचे घोडे इथे तरी पुढे असायला हरकत नाही.

महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर आम्ही थोडे थांबलो. २०२४ मध्ये पालिकेने लिपिकांच्या, म्हणजे कार्यकारी सहायकांच्या १८४६ जागा काढल्या. दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात पास झालेली हवी, अशी अट तीत होती. घरचे पाणी भरून, आजारी माणसाचे पाहून परीक्षा देणाऱ्या किती मुलांचा एखादा विषय राहतो, ते आपल्याला सांगायला नको. ओरड झाली आणि अट काढावी लागली. बरोबरच्या मुलींपैकी एकीचा बारावीला इंग्रजी राहिला होता. ती म्हणाली, "काकी, म्हणजे जाहिरात बारीक अक्षरासकट वाचायची, आणि चुकीचे वाटले तर बोलायचे." आम्ही काय सांगणार होतो ते तिनेच सांगून टाकले. मराठी-इंग्रजी टायपिंगचे सर्टिफिकेट मात्र आजच काढून ठेवा, लिपिकाच्या जागेला ते लागतेच.

लोकलने करी रोडला उतरून लालबागला आलो. जिथे भोंगे वाजत तिथे आता टोलेजंग इमारती. मुलांना गिरणी म्हणजे १९८२ चा संप एवढेच ठाऊक. साचेखात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्या कामगारांना विटाळ वाटे, हे त्यांना आम्हीच सांगितले. जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. मुले बराच वेळ काही बोलली नाहीत.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब १९३४ पर्यंत राहिले. खोल्या एवढ्याशा, बिऱ्हाडांची गजबज. एल्फिन्स्टन कॉलेजातून तेही बी.ए.च झाले होते, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन. "आर्ट्सवाले!" असे मुलगा पटकन म्हणाला, आणि सगळे हसलो.

शेवटी नायगाव. पोलीस मैदानावर भरतीची पोरे धावत होती. मुलींनी लक्षात ठेवावे की राज्याच्या नोकऱ्यांत महिलांसाठी तीस टक्के जागा आहेत. दादर पूर्वेला १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू असताना अभ्यास होत नाही, म्हणून ज्याला घर लहान पडते त्याने अशा ग्रंथालयाची चौकशी जरूर करावी.

जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी, हे आम्ही मुलांपासून लपवले नाही. चारजणांत एकाला जागा मिळाली तरी पुष्कळ, म्हणून हाती लहानमोठे काम ठेवूनच तयारी करायची असे ठरले. दोघांनी टायपिंगला नाव घातले आहे. आणि आजोबांच्या उताऱ्यासाठी एक घर या मेमध्ये संगमेश्वरला जाणार आहे.