रौजाबागची वाट

सिल्लोडहून औरंगाबादला जाणारी बस फुलंब्री सोडून चौक्याचा घाट उतरू लागली की माझ्या मनात अजूनही परीक्षेची धाकधूक सुरू होते. सावंगी, मग हर्सूल आणि मग शहर. बसच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं, आमच्या घरच्या बोलण्यात मात्र औरंगाबादच आहे. यावेळी सोबत आमचे हे, मुलगी आणि धाकटा मुलगा. 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, मुलगा अकरा वर्षांचा म्हणून त्यालाही अर्धं. कुटुंबात फुल तिकीट एकट्या यांचं! कंडक्टरकडून सुट्टे घेताना मुलानं अब्बूंना चिडवून घेतलं.

अम्मीचं जुनं कॉलेज बघायला चाललो आहोत, असं मुलांना सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. मुलगी दहावीला, अलहमदुलिल्लाह, चांगल्या गुणांनी पास झाली होती. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं भरायची आणि पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. मुलीनं पहिल्या क्रमांकावर माझं कॉलेज धरून ठेवलं होतं, यांनी सिल्लोडमधलं. भांडण नव्हतं. पण रात्री जेवताना विषय निघाला की दस्तरखानावर सगळे गप्प व्हायचे. "60-65 किलोमीटरवर एकटी मुलगी," एवढंच हे म्हणायचे.

माझ्या वेळी, 1995 साली, हाच प्रश्न माझ्या अब्बांपुढे होता. सायकल दुरुस्तीचं दुकान, शिक्षण चौथीपर्यंत. माझी सनद, दाखले सगळं एका रुमालात बांधून ते मला घेऊन आले. मी फॉर्म भरत होते आणि अब्बा बाहेर झाडाखाली बसून शिपाईमामांना विचारत होते, "सिल्लोड की आखरी बस कित्ते बजे?" कॉलेज किती जुनं, निकाल किती टक्के, यातलं काही नाही. शेवटच्या बसची वेळ, आणि मुली किती आहेत. बस्स. तेवढ्यावर त्यांनी होकार दिला आणि मला चेलीपुऱ्यात माझ्या खालाकडे ठेवलं.

तिथून मी रोज चालत जायची. दिल्ली दरवाजा ओलांडला की एका अंगाला सलीम अली सरोवर लागतं. जुनी माणसं त्याला खिज्री तलावच म्हणायची. जवळच हिमायतबाग, मोगलांच्या वेळची. आता तिथे कृषी विद्यापीठाचं फळसंशोधन केंद्र आहे. उन्हाळ्यात त्या बाजूनं येणारा वारा निराळाच गार लागायचा. मुलांना मी ही वाट पायीच दाखवली. मुलगा तलावावरचे बगळे मोजत मागे राहिला. हे मात्र रस्ता बघत होते: दिवे कुठे आहेत, वर्दळ किती, रिक्षा कुठे उभ्या राहतात.

मौलाना आझाद कॉलेज 1963 चं. डॉ. रफिक झकेरिया मूळचे नालासोपाऱ्याचे. 1962 ला औरंगाबादेतून आमदार झाले आणि पुढच्याच वर्षी हे कॉलेज उभं केलं. मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठ येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. खेड्यापाड्यातून उर्दू माध्यमाची मुलं शाळा संपवून यायची आणि पुढे कुठे जायचं कळायचं नाही. त्यांच्यासाठी हे दार उघडलं. मी त्याच दारातून आत गेले. इतकं सांगितलं तरी पुरे.

बी.ए.ला मी उर्दू आणि मराठी दोन्ही घेतलं तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या. "तू पढती कायकू, दोनों में फेल होगी?" मला त्यात अवघड वाटलं नाही. हे शहरच तसं आहे. वली आणि सिराज या मातीतले, आणि 50 किलोमीटरवर पैठणला एकनाथ, ज्यांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. सकाळच्या तासाला गझल, दुपारी भारूड. पुढे बी.एड. करून मी शिक्षिका झाले, ती या दोन भाषांच्या पोटी. आजही माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीची मराठी अडखळली की मी उर्दूतून हात देते.

सुट्टी असूनही कार्यालय उघडं होतं. मुलगी थेट फलकापाशी गेली आणि विज्ञान शाखेचे विषय वहीत उतरवून घेऊ लागली. प्रयोगशाळेला कुलूप होतं, तर खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. मी तिला हाक मारली नाही.

आवारातच झकेरियासाहेबांची कबर आहे. 2005 साली ते गेले, आणि 2021 साली फातेमा झकेरिया गेल्या, त्याही तिथेच. मी शिकत होते तेव्हा दोघं हयात होते. हे कबरीजवळ थांबले, टोपी घातली, फातेहा पढले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माणसानं आपल्या कामाजवळच झोपावं म्हणजे... बरं आहे." मुलानं विचारलं, यांना शाळा काढायला पैसे कुणी दिले? चांगला प्रश्न होता. लोकांनीही दिले असतील, म्हटलं.

परत निघताना हे फाटकापाशी रेंगाळले. मी पुढे गेले होते, तरी ऐकू आलं. शिपायाला विचारत होते, मुली साधारण किती, आणि सिल्लोडची शेवटची बस किती वाजता. अब्बांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. यांनी हे प्रश्न त्यांच्याकडून ऐकलेले नाहीत, मीही कधी सांगितले नव्हते.

दुपारी चेलीपुऱ्यात खालाच्या घरी जेवण होतं. खाला मरहूम झाली, पण तिचा मुलगा आणि भाभी तिथेच राहतात. भाभींनी नान-कलिया केला होता. कलियावरचा तर्रीचा थर बघून धाकट्यानं डोळे मोठे केले, आणि मग चार वेळा वाढून घेतला. जेवण होईपर्यंत कॉलेजचा शब्द कुणी काढला नाही. भाभींनीच हात धुता धुता सहज म्हटलं, "वरची खोली रिकामीच आहे की. फुफीची तीच खोली."

मुलगी कुणी काही म्हणायच्या आत जिना चढली. मागोमाग आम्ही. माझी जुनी खिडकी, तीच गुळगुळीत झालेली उंबऱ्याची फरशी. मुलगी खिडकीत जाऊन बसली आणि मान खाली घालून वहीची पानं उलटू लागली. तिचे कान मात्र आमच्याकडे होते, ते मला दिसत होतं.

हे भिंतीजवळ उभे होते. यांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. जुन्या काळ्या बटणांवरून त्यांनी बोट फिरवलं, एक बटण दाबून पाहिलं, वर पंख्याकडे बघितलं.

"वायरिंग फार जुनी आहे," भाऊंना म्हणाले. "रविवारी सामान घेऊन येतो. टेबलाजवळ एक पॉइंट काढावा लागेल, अभ्यासाच्या दिव्याला."